लोखंडाचं प्रायश्चित्त

मास्तरांचा देवावर विश्वास नव्हता, पण देवाची माफी मागण्यावर होता. यात काही विसंगती आहे असं तुम्हा-आम्हाला वाटेल. त्यांना कधी वाटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात प्राचीन रोमचा धर्म शिकवला. वर्गात कधी सहा मुलं असायची, कधी चार, आणि त्यातलं एक झोपलेलं. मास्तर तरीही रंगून सांगायचे. रोमन माणूस मोठा धोरणी, ते म्हणायचे, त्याला देवाचं प्रेम नको होतं, फक्त देवाशी तंटा नको होता. देवराईतली झाडं विरळ करायची तर आधी डुक्कर बळी द्यायचं आणि तिथे राहणाऱ्याची माफी मागायची. तिथे नेमकं कोण राहतं हे कुणालाच ठाऊक नसे, म्हणून ‘तू देव असशील नाहीतर देवी असशील’ अशी दोन्हीकडून गाठ मारून ठेवायची. राईत लोखंड न्यायचं तर आधी प्रायश्चित्त, काम संपवून बाहेर आणलं की पुन्हा प्रायश्चित्त. मग ते लोखंड म्हणजे दगडावर अक्षरं कोरायची एवढीशी छिन्नी का असेना.

त्यांची एकुलती एक मुलगी जंगलखात्यात होती. गावामागच्या जुन्या ओकच्या राईची राखण तिच्याकडे आली, तेव्हा मास्तरांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. “करवती, कोयते, कुऱ्हाडी घेऊन आत शिरतेस,” ते जेवताना म्हणत, “आणि माफी कोण मागणार? तुझं खातं?” ती हसायची. त्याच वर्षी तिची आई गेली आणि घरातलं हसणं काही महिने बंद पडलं. उन्हाळा सरता सरता एक दिवस मास्तर खुर्चीतून उठले, दाढी केली आणि म्हणाले, “तुझ्या लोखंडाची माफी मी मागून येतो. मला तेवढंच येतं.” तिने हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी आभाळातला ढग मागितला असता तरी ती हो म्हणाली असती.

तेव्हापासून एकोणीस वर्षं हा नेम चालला. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात मास्तर एक टोपली भरत: स्वतः भाजलेला आणि हमखास करपलेला पिठाचा गोळा, थोडं दूध, बाटलीच्या तळाशी उरलेली वाइन, आणि दगडाला घालायला पानांची एक माळ. वर पांढरं फडकं. डुकराचं काही जमलं नाही, पण रोमनांनी ते समजून घेतलं असतं असं त्यांचं मत होतं. हा दगड राईच्या मधोमध, एका झऱ्याजवळ होता. त्यावरची अक्षरं पार झिजलेली. मास्तर एकटेच त्याला वेदी म्हणत. खात्याच्या नकाशात त्याची नोंद ‘हद्दीचा दगड’ अशी होती.

आता मुलीच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यात आहे.

गावात तिला जंगलबाई म्हणत. वय बावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारे आता दमले होते. राईला परक्या मुलखातून आलेल्या एका वेलाने ग्रासलं होतं. कुणीतरी कधीकाळी शोभेसाठी लावलेला हा वेल झाडावर चढायचा, शेंड्यावर पसरायचा आणि खालच्या जमिनीला उन्हाचा कवडसा मिळू द्यायचा नाही. ओकचं फळ खाली पडायचं, रुजायचं, दोन पानं काढायचं आणि अंधारात मरायचं. जंगलबाई आणि तिचा करवतवाला वीस हिवाळे तो वेल मुळापासून उपटत आले. करवतवाल्याला सगळे लंबू म्हणत, कारण तो जेमतेम तिच्या खांद्याला लागायचा. एका कोपऱ्यातून वेल काढून पुढे सरकलं की मागचा कोपरा पुन्हा हिरवा.

फक्त एक तुकडा वेलाच्या तावडीतून सुटला होता. दगड आणि झरा यांच्या भोवतालचा एकरभर गोल. त्याला ती गाभा म्हणायची. तिथे एकेचाळीस जुने ओक होते, सगळ्यात तरुण तीनशे वर्षांचा. वेलाचं बी बुटांना चिकटून पसरतं, म्हणून तिने पहिल्याच वर्षी गाभा बंद करून टाकला. कुणीही आत जायचं नाही. साहेब नाही, पाहुणे नाहीत, ती स्वतःसुद्धा नाही. काठावर उभं राहून फोटो काढायचे आणि नोंदवही भरायची. सूट एकट्या मास्तरांना, वर्षातून एकदा, तीही अनवाणी. राईच्या तोंडाशी खात्याची झोपडी होती, तिथल्या नळावर ती वडिलांना स्टुलावर बसवायची आणि त्यांचे पाय ब्रशने घासायची. बोटांच्या बेचक्यातून पाणी सोडायची, नखांतली माती काडीने काढायची. मास्तरांना गुदगुल्या व्हायच्या. मग ते डोक्यावरून पांढरी चादर ओढून, टोपली घेऊन आत जायचे, आणि ती काठावर पाठ करून, तोंड मिटून उभी राहायची. मध्येच कुणी बोललं किंवा नको ते बघितलं, तर सगळा विधी पहिल्यापासून करावा लागतो, असा रोमनांचा दंडक होता.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं; ते कसं, हे पुढे कळायचं होतं.

यंदा खात्याने नवा नियम काढला. जी राई स्वतःची रोपं स्वतः वाढवत नाही ती मेलेली, आणि मेलेल्या राईवर पैसा घालायचा नाही. ती लाकूड विभागाकडे द्यायची, त्यांनी जुनी झाडं काढून झटपट वाढणारी लावायची. गाभ्यात आत शिरून, दोरी टाकून, ओकची रोपं मोजायची होती. तीस भरली तर राई वाचली. साहेबांनी फोनवर सांगितलं, “तुमची काळजीच नाही, बाई.” त्यांच्या खुर्चीमागे गाभ्याचा फोटो टांगलेला होता, भर थंडीत काढलेला, आत सगळं हिरवंगार. गाभ्यात मूळची काटेरी सदाहरित झुडपं होतीच, त्यामुळे थंडीतल्या त्या हिरव्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. तिलाही नाही. नोंदवहीत दर वर्षी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: गाभा उत्तम.

मोजणीचा दिवस आणि मास्तरांचा दिवस एकाच आठवड्यात आला. मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत एवढाच प्रवास करत. सकाळी त्यांनी फडक्यात बांधलेली माळ मुलीच्या हाती दिली. “यंदा तूच ठेव. बाकीचं राहू दे, माळ पुरे.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि आत गेल्यावर रागावू नकोस.”

“कुणावर रागावू?”

“कुणावर नाही. जा, उशीर होतोय.”

म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

तिने आणि लंबूने नवे बूट घातले, तळवे जंतुनाशकाने धुतले आणि काठाची झुडपं बाजूला सारून वीस वर्षांत पहिल्यांदा दोघं गाभ्यात शिरली. पहिली दहा पावलं ठीक होती. तिथे तिला ओकची तीन रोपं दिसली, वीतभर, पानं पिवळी पडलेली. तिने दोरीला तीन गाठी मारल्या. अकराव्या पावलाला लंबू थांबला.

“ताई, हे काय आहे?”

पुढे भिंत होती. लांब, जाड, तेल लावल्यासारख्या चकाकत्या पानांची झुडपं एकमेकांत शिरून उभी होती, कंबरेएवढी, मग छातीएवढी, दगडाजवळ तर दोन पुरुष उंच. काळ्या फळांचे घोस लोंबत होते. खाली जमीन काळी आणि उघडी, गवताची काडी नाही. ओकची फळं ढिगाने पडली होती आणि जिथल्या तिथे कुजत होती. तिने गुडघ्यावर बसून हाताने पाचोळा उकरला. पुढे सरकली, परत उकरला. लंबू मागे मागे येत होता. सगळा गोल पालथा घालायला त्यांना चार तास लागले. आकडा तीनच राहिला.

हे झाड तिला ठाऊक होतं. गावात घरोघरी त्याचं कुंपण होतं. बागेत ते शहाण्यासारखं वागतं, कारण कुणीतरी दर महिन्याला कात्री चालवतं. जंगलात एकदा शिरलं की सावलीतही माजतं. तोडलं तर एका खोडाचे दहा फुटवे. विष घालावं तर दगडाखालचा झरा थेट गावच्या टाकीत जातो, तिथे विषाला सक्त मनाई. हाताने खणून काढायचं म्हटलं तर दोघांना पाच-सहा वर्षं, आणि खात्याने दिला होता महिना. पण हे इथे आलं कुठून? गावापासून चार मैल, मध्ये नुसती शेतं.

“पक्ष्यांनी आणलं असेल,” लंबू म्हणाला.

“पक्ष्यांनी काठावर आणलं असतं. हे दगडापासून बाहेर पसरलंय. सगळ्यात जुनं दगडाला चिकटून आहे.”

दगडावर पानं कुजून काळा थर झाला होता. तिला माळेची आठवण झाली. एवढं झालं तरी वडिलांचं काम करून टाकू, म्हणून तिने पिशवीतून फडकं काढलं आणि गाठ सोडली. आत तीच पानं होती. नीट दोऱ्यात ओवलेली, तेल लावल्यासारखी, आणि मध्ये मध्ये शोभेला काळ्या फळांचे झुबके.

लंबूने माळेकडे बघितलं, मग भोवती बघितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “कुंपणानंच शेत खाल्लं की हो,” तो हळूच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “तीसच्या पुढे काहीतरी लिहा, ताई. कोण येतंय मोजायला?”

खोटं कशाला सांगा, तिने तसा विचार केला. दोरीवरच्या तीन गाठींकडे बघत चांगली पाच मिनिटं केला. पण राई तीस रोपांच्या आकड्याने जगणार नव्हती. कागदावर वाचली असती आणि इथे मेली असती. तिने तीन लिहिलं. झोपडीतून साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्ही असताना असं कसं झालं, बाई?” हे त्यांनी चांगुलपणानेच विचारलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मास्तर खिडकीत होते. खिडकीबाहेर, हात लांबवला तर पान तोडता येईल इतकं जवळ, आईचं कुंपण होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आईने ते स्वतःच्या हाताने लावलं होतं, आणि जाईपर्यंत स्वतःच कापत होती. जंगलबाईने माळ टेबलावर ठेवली. वाटेत तिने ठरवलं होतं की रागवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार पानातलं पान. पुस्तकात वाचलेल्या झाडाची माळ करायची होती, हाताशी आलं त्याची केली.

“माळेसाठी तुम्ही ते रोमनांचं झाड कुंडीत आणलं होतं ना, बाबा? स्वयंपाकघराच्या दारातलं. त्याची माळ करायचात, मला वाटलं.”

“ते तिसऱ्या वर्षी थंडीत मेलं. मग तुझ्या आईच्या कुंपणाची पानं घेतली. दिसायला तशीच.”

“आत ते सगळं पसरलंय. ओकची जेमतेम तीन रोपं उरलीत. राई गेली.” तिला वाटलं त्यांना धक्का बसेल, म्हणून ती जवळ जाऊन बसली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हीच सांगायचात ना, रोमन लोकांचं? न कळत झालं तर प्रायश्चित्त घेतलं की माणूस मोकळा.”

“हो,” मास्तर म्हणाले. “न कळत झालं तर. कळून केलं तर प्रायश्चित्तच नाही. त्याला काही उपाय नाही.”

“मग झालं तर. तुम्हाला कुठे कळलं होतं?”

इथे मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. जगात रोज इतकी खोटी माणसं सुखाने जेवून झोपतात. पण चाळीस वर्षं शिकवलेलं अंगात मुरलेलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“सातव्या वर्षी मला दगडाशी एक रोप दिसलं,” ते म्हणाले. “दोन पानांचं. मी ओळखलं. पन्नास वर्षं ते कुंपण बघतोय, ओळखणार नाही? हिच्या कुंपणाचं पिल्लू. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी देव मानत नाही. पण सहा वर्षं कुणीतरी आत राहतं असं धरून बोलत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर आल्यासारखं वाटलं. मी ओंजळीने पाणी घातलं त्याला. झऱ्यातलं.”

तिने माळेतलं एक काळं फळ तोडून टेबलावर ठेवलं.

“पुढच्या वर्षी सात-आठ होती. मग मोजणं सोडलं. ते काय करतं हे मला ठाऊक होतं. तू रोज जेवताना सांगायचीस, परकी झाडं कशी शिरतात, कशी खातात. मी भातावर वरण ओतत ऐकून घ्यायचो. दर वर्षी ठरवायचो, यंदा तुला सांगायचं. आणि दर वर्षी तू माझे पाय धुवायचीस, तेव्हा वाटायचं, आणखी एकदा जाऊन येऊ.”

तिला त्यांचा राग आला. बारा वर्षं. बारा वर्षांपूर्वी ते रोप तिने दोन बोटांनी उपटून खिशात टाकलं असतं. त्यानंतरची बारा हिवाळ्यांची तिची कंबरदुखी, लंबूचं तुटलेलं करंगळीचं पेर, साहेबांकडे केलेल्या विनवण्या, सगळं त्या गाभ्याच्या भरवशावर होतं, आणि हा माणूस समोर बसून रोज विचारायचा, आज काम कसं झालं. त्याच वेळी त्यांच्या गळ्याची सैल कातडी आणि नीट न लागलेलं सदऱ्याचं बटण तिला दिसत होतं, आणि धड रागवताही येत नव्हतं.

“गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?” ती म्हणाली. “मी तुम्हाला माफ करून बसले होते.”

“म्हणूनच बोललो. ती माफी माझी नव्हती.”

तिने उठून त्यांचं बटण लावलं आणि स्वयंपाकघरात गेली.

थंडी पडल्यावर लाकूड विभागाचा कागद आला. झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्याची साल तासून तिथे खात्याच्या हातोड्याने शिक्का मारावा लागतो, आणि तो राखणदारानेच मारायचा असतो. साहेबांनी दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हटलं. ती नको म्हणाली. लंबू साल तासत गेला, ती शिक्का मारत गेली. काही खोडांपर्यंत पोचायला आधी ती चकाकती झुडपं तोडावी लागत होती. तोडताना दोघांनाही ठाऊक होतं की वसंतात ती दुप्पट फुटणार आहेत, आणि वरची सावली गेल्यावर त्यांना अडवणारं कुणी नसेल. सहाव्या झाडानंतर लंबू रडायला लागला आणि रडत रडतच काम करत राहिला. तिला रडू आलं नाही. शिक्का सालीच्या आतल्या ओल्या लाकडावर फार स्वच्छ उमटत होता. दिवस मावळायच्या आत काम संपलं.

घरी मास्तर तिची वाट बघत होते. तिने त्यांचं ताट वाढून आणलं.

“किती झाली?” त्यांनी विचारलं.

“एकेचाळीस.”

“सगळी?”

“सगळी.”

त्यांनी चमचा उचलला, पुन्हा ठेवला. चमचा त्यांच्या हातात द्यायला ती पुढे झाली नाही.

“तुम्हाला आई हवी होती, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “मला कळतं ते. मलाही हवी होती. ती गेल्यावर माझ्याकडे ती राई एवढीच उरली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?”

मास्तरांनी ताट थोडं दूर सारलं.

“होतं,” ते म्हणाले.

तिने मान डोलावली. त्यांच्या मांडीवर रुमाल पसरला, पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

“मग आता काय करायचं?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही करायचं,” ती म्हणाली. “जेवण गार होतंय. जेवा.”